लेसर प्रिंटरवर काळे ठिपके आणि पान राखाडी: टेस्ट पेज कोणतं काढायचं, ते वाचायचं कसं?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या सोसायटीचं ऑफिस. एचपीचं 12ए कार्ट्रिज बसणारा जुना काळा-पांढरा लेसर, कार्ट्रिज दोनदा रिफिल केलेलं. तीन तक्रारी आहेत.

एक, पानाच्या उजव्या बाजूला काळा ठिपका वरून खाली परत परत उठतो. दोन, कोऱ्या जागेवर हलकी राखाडी छटा येते, आणि पावसाला सुरुवात झाल्यापासून अक्षरंही कुठं कुठं फिकी. तीन, कन्नडमधली एक नोटीस छापली की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी येतं, मराठी पत्रं मात्र व्यवस्थित.

विंडोजचं टेस्ट पेज काढलं तर त्यातही ठिपका आहे. कुणी म्हणतो कार्ट्रिज बदला, कुणी म्हणतो फ्युजर (छपाई तापवून कागदावर पक्की करणारा भाग) गेला. पैसे घालण्याआधी दोष नेमका कुठं आहे ते घरच्या घरी कसं ओळखायचं, सांगा की वो.

टोनर_काळे_हात
तीन तक्रारींना तीन वेगळी कारणं दिसतात, एकाच औषधानं जाणार नाहीत. कार्ट्रिज आत्ता बदलू नका. आधी पट्टी आणा, मिलिमीटरची.

विंडोजचं टेस्ट पेज दोष शोधायला फारसं उपयोगाचं नाही. त्यावर एक चित्र आणि ड्रायव्हरची माहिती, बाकी कागद कोरा. संगणक आणि प्रिंटर यांचं बोलणं चालू आहे एवढंच त्यातून कळतं. छपाईचा दोष बघायला स्वतःची पानं करा. वर्डमध्ये दहा मिनिटांचं काम आहे:

पहिलं पान पूर्ण कोरं. नुसती एक स्पेस देऊन प्रिंट सोडायचं. यात राखाडी छटा, मागची घाण, भटके ठिपके दिसतात.

दुसरं पान राखाडी. पानभर चौकोन काढून त्यात 30 ते 40 टक्के करडा रंग भरा. हे सगळ्यात बोलकं पान. रोलरचे दोष, पट्टे, फिकट भाग यावरच उठून दिसतात.

तिसरं पान काळं, पण अर्धंच भरा. कंपनी कार्ट्रिजची पानं मोजते ती 5 टक्के शाईच्या हिशेबानं. पूर्ण काळं एक पान म्हणजे साध्या वीस पानांचा टोनर, म्हणजे कार्ट्रिजमधली काळी पूड. 12ए वर 2000 पानं लिहिलेली असतात, म्हणजे काळी पानं फक्त शंभर. हौसेनं दहा-बारा काढणारे लोक आहेत, आणि मग टोनर लवकर संपला म्हणून तेच ओरडतात.

चौथं पान मोजमापाचं. बरोबर 100 मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ, कडेपासून 5 मिमी आत बारीक चौकट, आणि 8 पॉइंटमध्ये दोन ओळी मजकूर.

काढण्याआधी ड्रायव्हरमध्ये टोनर बचत बंद, डेन्सिटी (छपाईचा गडदपणा) मधल्या आकड्यावर, रिझोल्यूशन 600. पान बाहेर आलं की जी कड आधी बाहेर आली तिच्यावर पेननं बाण काढा आणि क्रमांक घाला. हा बाण नसेल तर चार पानं टेबलावर मिसळली की कुठली बाजू कुठली ते कळत नाही, आणि पुढची सगळी मोजणी फुकट जाते.

आता ठिपका. एका ठिपक्याच्या मध्यापासून पुढच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. तेवढा आकडा इथं लिहा.

वेदगंगा
वरच्याला जोड. पानं काढण्याआधी एक चाळणी लावून घ्या: दोष संगणकातला, कार्ट्रिजमधला की मशीनच्या अंगातला.

ज्या प्रिंटरला स्वतःचं पान काढता येतं (बटण दाबून किंवा मेनूतून कॉन्फिगरेशन पेज), त्याची यूएसबी वायर काढून ते पान काढा. वायर नसताना दोष आला तर संगणक निर्दोष. एचपी लेसरजेट 1020, कॅनन एलबीपी2900 असली मशीनं पान संगणकातच तयार करून घेतात, म्हणून त्यांच्यावर हे प्रत्येक वेळी जमत नाही. तिथं सोपी युक्ती: तेच पान ड्रायव्हरमधून 180 अंश फिरवून परत छापा. ठिपका कागदाच्या त्याच बाजूला राहिला तर दोष मशीन-कार्ट्रिजचा. मजकुराबरोबर तोही फिरला तर तो फाइलमध्येच बसलाय, स्कॅनरच्या काचेवरचा डाग वगैरे.

प्रिंट सोडलं आणि एकेका पानावर एक-दोन ओळी चिन्हं, बाकी कोरं, अशी पानांमागून पानं सुटायला लागली तर तो ड्रायव्हर चुकीचा. कागद काढा, प्रिंटर बंद करा, विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सिस्टीम32, त्यातल्या स्पूल, त्यातल्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइली पुसा (फोल्डर ठेवा), स्पूलर परत चालू करा. नुसतं बंद-चालू केलं तर तेच काम परत सुरू होतं.

यूएसबी दुसऱ्या खाचेत घातली की विंडोज 'कॉपी 1' नावाचा नवा प्रिंटर बनवतं आणि जुना ऑफलाइन दाखवतं. टेस्ट पेज जातच नाही असं वाटलं तर आधी हे बघा.

मलप्रभाकाठ
मोजलं. ठिपक्यांमधलं अंतर 75, एका ठिकाणी 76 वाटलं. पानावर चार ठिपके. उजव्या कडेपासून 31 मिमी. कोऱ्या पानावर राखाडी छटा सगळीकडे सारखी. राखाडी पानावर ठिपका आहेच, शिवाय ढगाळ डाग आहेत, त्यांना काही क्रम नाही. 180 अंश फिरवलं, ठिपका जागचा हलला नाही. टोनर झटकला तर थोडा वेळ बरं वाटतं.

टोनर_काळे_हात
झालं तर मग. ड्रम, म्हणजे कार्ट्रिजमधला तो चकचकीत रोलर ज्यावर पानाचं चित्र तयार होतं.

हिशेब असा: 12ए च्या ड्रमचा व्यास 24 मिमी. 24 गुणिले 3.14 म्हणजे 75.4. ड्रम एक फेरा मारतो तेवढ्यात कागद 75 मिमी पुढं सरकतो, म्हणून ड्रमवरची एक जखम दर 75 मिमीला एकदा उमटते. ए4 पान 297 मिमीचं, त्यात तीन नाहीतर चार ठिपके. तुमचे चार. हाच हिशेब कुठल्याही रोलरला लागू: व्यास मोजा, 3.14 नं गुणा. 12 मिमीचा चार्ज रोलर (ड्रमवर वीजभार चढवणारा) असेल तर साधारण 38 मिमी, पानावर सात-आठ खुणा. फ्युजरची फिल्म आणि खालचा रबरी रोलर यांचे आकडे मॉडेलप्रमाणे वेगळे. म्हणून इंटरनेटवरचा दुसऱ्या मशीनचा तक्ता घेऊन बसू नका, आपला रोलर मोजा. मॅग्नेटिक रोलर (टोनर ड्रमपर्यंत नेणारा) तेवढा फसवतो: तो ड्रमपेक्षा वेगानं फिरतो, त्यामुळं त्याची खूण त्याच्या परिघापेक्षा कमी अंतरावर येते.

खात्री करायची तर पान अर्ध्यावर थांबवा. राखाडी पान सोडा, कागद आत ओढला गेला की साधारण दोन सेकंदांत पुढचं झाकण उघडा. मशीन थांबेल. कार्ट्रिज बाहेर काढा, कागद हळूच ओढून घ्या. त्यावरचा टोनर अजून भाजलेला नाही, बोट लागलं की पुसेल. आता कार्ट्रिजची झडप हातानं वर करून ड्रम बघा. तो हिरवा किंवा निळा चकचकीत असतो. बोट लावायचं नाही, उजेडात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, ठेवावा लागलाच तर काळ्या कापडाखाली. दोन्ही टोकांकडून 31 मिमीपासून थोडं आतपर्यंत नजर टाका, ड्रम कागदाच्या रुंदीपेक्षा थोडा लांब असतो. एक टोचा दिसेल, बहुतेक टाचणीच्या डोक्याएवढा. कागदातली स्टेपलर पिन आत गेली की हमखास असा टोचा पडतो. जुन्या अर्जांच्या पाठीवर छापायची सवय असेल तर पिन काढली की नाही ते बघत चला.

याच अर्ध्या पानातून आणखी एक कळतं. कागदाला टेकण्याआधीच्या भागावर ड्रमवर चित्र स्वच्छ, पण कागदावर घाण, तर दोष ट्रान्सफर रोलर (टोनर कागदावर ओढून घेणारा) किंवा कागदाचा. ड्रमवरच घाण, तर कार्ट्रिज. अर्ध्या पानावर सगळं नीट आणि पूर्ण बाहेर आलेल्या पानावर पुसट, डागाळलेलं, तर फ्युजर. फ्युजर गेला म्हणणाऱ्याला हे करून दाखवायला सांगा.

छटेचं कारणही तिथंच असावं. ड्रमवर आधी ऋण भार चढतो, लेसर जिथं पडतो तिथला भार उतरतो, आणि टोनर त्या उतरलेल्या जागी चिकटतो. ड्रम झिजला किंवा चार्ज रोलर घाण झाला की न लिहिलेल्या जागीही भार पुरता चढत नाही, मग थोडा टोनर तिथंही बसतो. तीच तुमची राखाडी छटा. चार्ज अजिबात चढला नाही तर पूर्ण पान काळंकुट्ट येतं. तसं आलं तर कार्ट्रिजच्या बाजूचे पितळी काँटॅक्ट पुसा, अर्धं काम तिथंच होतं. उलट पूर्ण कोरं पान आलं तर नव्या कार्ट्रिजची सील पट्टी ओढायची राहिली का, ते आधी.

दोनदा रिफिल झालेल्या कार्ट्रिजमध्ये वाया गेलेल्या टोनरचा डबा रिकामा केला नसेल तर तो भरून परत ड्रमवर सांडतो. रिफिल करणाऱ्याला हे तोंडावर विचारा. नुसतं भोक पाडून टोनर ओतणारे पुष्कळ आहेत.

चिकोडी_सर्व्हिस
मी असतो तर ड्रम बदलत बसलो नसतो. ड्रम घातला की वायपर ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी) जुनं, ब्लेड घातलं की चार्ज रोलर जुना. सरळ नवीन कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीचं, पण याच मशीनला बसणारं) कार्ट्रिज घ्या, मोकळे व्हा.

टोनर_काळे_हात
अण्णा, खरं आहे, पण एकटा ड्रम कोण घालतो? ड्रम, वायपर ब्लेड आणि चार्ज रोलर तिन्ही एकदम घालायचे, डबा रिकामा करायचा, मग टोनर. जुन्या ब्लेडवर नवा ड्रम घातला तर ब्लेडच्या कडेतला कचरा ड्रमवर गोल ओरखडा काढतो आणि आठवड्यात पानभर बारीक काळी उभी रेघ सुरू होते. तीन भाग आणि मजुरी मिळून कंपॅटिबलच्या किमतीजवळ गेलं तर तुमचं बरोबर, नवंच घ्यावं. आधी दोन्हीकडे भाव विचारा. ड्रम मात्र 12ए चाच. कॅनन 303 आणि 12ए एकच घाट, ते चालतं. 88ए चा घातला तर बसणार नाही.

टिळकवाडी_डीटीपी
कन्नड नोटिशीचं मी सांगते. प्रिंटरचा काही दोष नाही त्यात.

सरकारी कन्नड पत्रं बरीच वर्षं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. जुन्या नुडीचे फाँट युनिकोडचे (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणारी पद्धत) नव्हेत. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, वरून कन्नड रूप चढवलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या श्रीलिपीच्या फाइलींचं तेच. तो फाँट संगणकात नसला की कोड उघडे पडतात आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तुमचं मराठी युनिकोडमध्ये टाईप होत असणार, म्हणून ते सुटलं.

बघायचं एवढंच: पडद्यावरही खिचडी आहे की फक्त कागदावर?

पडद्यावरही असेल तर ती नोटीस ज्यांनी पाठवली त्यांच्याकडून फाँट बसवलेली पीडीएफ मागा, नाहीतर तोच नुडी फाँट आपल्या मशीनवर घाला. पीडीएफ अडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबा, फाँट्स टॅब बघा. नावापुढं 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असं असेल तर फाँट आत आहे, नसेल तर नाही.

पडद्यावर नीट आणि कागदावर खिचडी असेल तर प्रिंटच्या खिडकीत अॅडव्हान्स्ड, त्यात 'प्रिंट अॅज इमेज' वर टिक. पान थोडं सावकाश येईल, पण पडद्यावर दिसतं तेच उतरेल. नेटवर्कवरच्या मोठ्या मशीनच्या ड्रायव्हरमध्ये ट्रूटाइप फाँट 'सॉफ्टफाँट म्हणून डाउनलोड' असा पर्याय असतो, तोही लावून बघा.

चौथ्या मोजमापाच्या पानावर 8 पॉइंटच्या दोन ओळी दोन्ही भाषांत ठेवा. मराठीत 'राष्ट्र, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, द्वंद्व' असली जोडाक्षरं, कन्नडमध्ये ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं अक्षर) येणारे दोन-तीन शब्द. ओत्तक्षर खालच्या ओळीला चिकटलं किंवा ष्ट्रचा पाय भरून गेला तर डेन्सिटी जास्त आहे. आपल्या भागात दोन लिप्यांत काम चालतं, तेव्हा टेस्ट पेज एकाच लिपीत ठेवून काय उपयोग.

आणि ती 100 मिमीची रेघ विसरू नका. उताऱ्याची पीडीएफ, लीगल कागदावरचे अर्ज 'फिट' वर छापले की पान आक्रसतं. रेघ 96-97 भरली तर प्रिंटर बिघडलेला नाही, 'अॅक्च्युअल साइज' निवडायचं राहिलंय. चौकट एका बाजूला 3 आणि दुसऱ्या बाजूला 7 भरली तर ट्रेचे कागद धरणारे पंख सैल. कडेपासून 4 मिमीच्या आत मात्र बहुतेक लेसर छापतच नाहीत, तिथं चौकट काढून ती तुटली म्हणून घाबरू नका.

मलप्रभाकाठ
ताई, पडद्यावरही खिचडीच आहे. फाँटच नाही म्हणजे. ड्रमवर टोचा सापडला, डाव्या टोकाकडं, सांगितलं तिथंच. ढगाळ डाग आणि फिकेपण राहिलं.

वेदगंगा
खानापूर म्हणालात, पावसाळा म्हणालात. कागद सर्दावलाय.

टोनर ड्रमवरून कागदावर ओढायला ट्रान्सफर रोलर कागदाच्या पाठीमागून धन भार देतो. ओला कागद तो भार धरून ठेवत नाही, वाहून जाऊ देतो, म्हणून टोनर कुठं उतरतो, कुठं ड्रमवरच राहतो. तेच ते क्रम नसलेले ढग. पान बाहेर येताना वाफ दिसते का बघा. दिसली तर पुरावा मिळाला. पान धनुष्यासारखं वाकून येत असेल तर तोही.

पडताळणी: ट्रेमधल्या कागदावर एक राखाडी पान, आणि नवीन रीम फोडून लगेच त्यातल्या मधल्या कागदावर तेच पान. 75 जीएसएम, दोन्ही एकाच कंपनीचे. दुसऱ्यावर ढग गेले तर मशीनला हात लावू नका.

मग ट्रेमध्ये एका वेळी 30-40 कागदच. उरलेली रीम तिच्याच मेणकागदात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी, स्टीलच्या कपाटात वरच्या खणात. फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको. शुक्रवारी संध्याकाळी ट्रे रिकामा करून जा, सोमवारी सकाळचा पहिला गठ्ठा अडकायचं थांबेल.

टोनर बोटानं पुसला जात असेल तर तेही कागदामुळं होतं, फ्युजरची उष्णता पाणी वाळवण्यातच जाते. नव्या कागदावरही पुसला गेला तर मग ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बघा. जाड कागद घालून 'प्लेन' ठेवलं तर भाजणी कमी पडते.

चिकोडी_सर्व्हिस
प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावलाय काय? 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॅट. फ्युजर तापताना त्याहून जास्त ओढतो. लाईट गेली की संगणकासकट सगळं बसतं. प्रिंटर सरळ भिंतीतल्या 15 अँपियरच्या सॉकेटवर, अर्थिंग असलेल्या. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवरही टेस्ट पेज काढून निष्कर्ष काढू नका, फ्युजरचं तापमान नीट राहत नाही.

मलप्रभाकाठ
नव्या रीमवर ढग गेले. वाफ यायची, आम्ही ती नेहमीचीच समजत होतो. यूपीएसवरच होता, काढला. आता ड्रम, ब्लेड, चार्ज रोलर तिन्हीचा भाव विचारतो. मशीन आतून पुसायचं असेल तर कशानं? आणि ब्रदरचा एक आहे दुसऱ्या खोलीत, त्यावर एक उभा काळा पट्टा येतो.

टोनर_काळे_हात
वायर काढा, अर्धा तास थंड होऊ द्या. कार्ट्रिजच्या पोकळीत सुका, धागे न सुटणारा कपडा. कागद उचलणारा रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या. ट्रान्सफर रोलर काळा, स्पंजासारखा असतो. त्याला ना बोट, ना अल्कोहोल, ना पाणी. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, टोनर इतका बारीक की त्याच्या पिशवीतून पार होऊन खोलीभर उडतो. फ्युजरसाठी ड्रायव्हरमधलं क्लीनिंग पेज आहे. पान थांबत थांबत जातं, दोनेक मिनिटं लागतात, अडकलं समजून ओढू नका.

ब्रदरला ड्रम वेगळा, टोनर वेगळा. ड्रम युनिटवर हिरवी खुंटी असते, ती डावीकडून उजवीकडं आठ-दहा वेळा सरकवा, आतली कोरोना वायर (ड्रमला वीजभार देणारी तार) साफ होते. शेवटी खुंटी बाणाच्या खुणेवर परत आणून ठेवा. मध्येच राहिली तर पानावर उभा पट्टा येतो. तुमचा पट्टा तोच असण्याची शक्यता बरीच आहे, आधी कुणी साफ करून गेलंय का विचारा.

मलप्रभाकाठ
खुंटी मध्येच होती! परवा शिपायानं साफ केला होता. पट्टा गेला.

एक बारीक गोष्ट. ड्रम बघताना शर्टाच्या बाहीवर टोनर सांडला, घरी गरम पाण्यात भिजत घातलाय.

टिळकवाडी_डीटीपी
आधी सुका झटकून गार पाणी लावायचं असतं हो. टोनर म्हणजे प्लॅस्टिक, गरमानं चिकटतं. आत्ताच्या आत्ता फोन करा घरी.